मदत हवी आहे: बॅटरीवरच्या छोट्या अँपला अडॅप्टर लावू का?

मंडळी, एलएम ३८६ या आवाज वाढवणाऱ्या आयसीवर (चिपवर) हौसेने बांधलेला छोटा गिटार अँप, म्हणजे अॅम्प्लिफायर, आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी सारखी बदलून कंटाळलो. माळ्यावर जुना, विटेसारखा जड अडॅप्टर सापडला. त्यावर लिहिलंय ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर. पण काही न जोडता मल्टिमीटरने मोजलं तर १३.२ व्होल्ट! माझा आयसी १२ व्होल्टपर्यंतचाच, म्हणून धीर झाला नाही. मधे व्होल्टेज ९ वर स्थिर ठेवणारा ७८०९ रेग्युलेटर टाकला तर भागेल का? अडॅप्टरमुळे भोंग्यात येऊ शकणारी घूं घूं त्याने कमी होईल, की मोठा कपॅसिटरही हवा? अडॅप्टरच्या पिनचा मधला भाग धन आहे, तेवढं तपासलंय. आणि अडॅप्टर चालू असताना आतली बॅटरी चार्ज होऊन फुटू नये म्हणून प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड लावू, की पिन घातली की बॅटरी तोडणारा स्विचवाला सॉकेट बरा?