जुन्या लॅपटॉपवर नोट्स कशात लिहाव्यात?

प्रश्न (परभणी): मी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा असून वसतिगृहातील इंटरनेट संध्याकाळी हमखास बंद पडते. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

उत्तर (लातूर): ऑब्सिडियन पाहावे, कारण त्यातील प्रत्येक नोंद आपल्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराची फाइल म्हणून राहते आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडले, तरी ती नोटपॅडमध्येही उघडते. बॅकअप मात्र पेनड्राइव्हवर घ्यावा. माझे एक अख्खे सत्र हार्डडिस्कसोबत गेले.

उत्तर (नांदेड): मातीच्या थरांच्या आकृत्या त्यात कशा काढणार? वननोटमध्ये पानावर कुठेही लिहिता आणि रेखाटता येते; इंटरनेट नसताना केलेले बदलही ते नंतर जुळवून घेते. माऊसने रेखाटणे मात्र वैतागाचेच.

प्रश्नकर्ती: मग आकृत्या वहीतच काढून त्यांचे फोटो ऑब्सिडियनमधील नोंदींना जोडते.