गृहकर्ज फिटलं, सातबाऱ्यावरचा बोजा मात्र तसाच

प्लॉटधारक:
बिनशेती प्लॉटवरचं गृहकर्ज पूर्ण फेडलं, 'नो ड्यूज' दाखलाही मिळाला. तरी सातबाऱ्यावर इतर हक्कांत बँकेचा बोजा दिसतो, मूळ खरेदीखतही बँकेतच आहे. जामीनदार विचारतोय, तो सुटला का?

फेरफार:
कर्ज फिटलं की बँकेचा हक्क संपतो, पण नोंद आपोआप निघत नाही. बोजा कमी करण्याचं पत्र बँकेकडून वेगळं घ्या, नुसत्या नो ड्यूजवर अर्ज अडू शकतो. पत्रात गट नंबर पोटहिश्श्यासह, कर्जखातं आणि बोजा ज्या फेरफाराने (सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीने) चढला त्याचा क्रमांक हवा. पोटहिस्सा चुकला तर पुन्हा बँकेत खेटा. मग ई-हक्क या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा. तलाठी फेरफार धरतो, हरकतीची 15 दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर डिजिटल सहीचा नवा उतारा काढा, 15 रुपयांत मिळतो.

गहाण रजिस्टर झालं होतं का, तेही बघा. तसं असेल तर दुय्यम निबंधकाकडे गहाणमुक्तीचा दस्तही नोंदवावा लागेल.

कर्जखाते:
खरेदीखतासाठी विनवण्या नकोत. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या आदेशानुसार, पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि सेरसाईसारख्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदणीतला बोजाही काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद बँकेकडूनच हरवले असतील तर 30 दिवस जास्त मिळतात, पण नकला काढून देण्याचा खर्च बँकेचा. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: शेवटच्या हप्त्यानंतरचं किरकोळ व्याज राहतं आणि खातं बंदच होत नाही. म्हणून शून्य बाकीचा खातेउतारा आधी मागा. हप्त्याचा नॅच आदेशही (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द करा.

जामीन_कायदा:
करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, त्यामुळे मूळ देणं संपलं की त्याचीही संपते. मात्र त्याच जामीनपत्रात टॉप-अप कर्ज (त्याच कर्जावर घेतलेलं वाढीव कर्ज) धरलं असेल तर तो सुटलेला नाही. सही केलेला कागद वाचा, आणि बँकेच्या पत्रात जामीनदाराचं नाव घालून मुक्तता लिहून घ्या.

फेरफार:
वाचणाऱ्या शेतकऱ्यांसाठी: वरचा आदेश वैयक्तिक कर्जांचा आहे, त्यात गृहकर्ज येतं. विकास सोसायटीच्या पीककर्जाला तो लावू नका. तिथला बोजा इकरारावर (कर्जदाराने सोसायटीला लिहून दिलेल्या बोजाच्या कागदावर) चढतो, तेव्हा पत्र सोसायटीच्या सचिवाकडूनच घ्यावं लागतं.