अकरावीला फ्लोचार्ट हवाच कशाला?

खडूफळा
एनसीईआरटीच्या अकरावी कॉम्प्युटर सायन्सच्या पुस्तकात चौथा धडा प्रश्न कसा सोडवायचा याचा आहे: अल्गोरिदम (उत्तराच्या पायऱ्या), फ्लोचार्ट (त्याच पायऱ्या चौकटी-बाणांच्या आकृतीत), स्यूडोकोड (त्याच पायऱ्या कोडसारख्या, पण साध्या शब्दांत), ड्राय रन (मशीन न लावता वहीत एकेक पायरी करून बघणं). पायथॉन पाचव्यापासून. क्लासमध्ये दरवर्षी कुणीतरी पालक म्हणतातच, "सर, चौथा उरकून टाका, थेट कोडिंग घ्या." मी उरकत नाही.

परवाचंच सांगतो. यादीतलं सगळ्यात जास्त तापमान काढायचं होतं. एका पोरानं सुरुवातीला कमाल = ० धरलं, त्याहून मोठा आकडा आला की तो कमाल. ४०, ३८, ४२ दिले, उत्तर ४२. स्वारी खूश. त्याला मशीनवरून उठवलं, वहीत रकाने आखायला लावले आणि लडाखमधल्या द्रासच्या थंडीतले वाटावेत असे आकडे दिले: −५, −२, −९. कमालच्या रकान्यात तिसऱ्यांदा ० लिहिताना पेन थांबलं. "सर, शून्य तर यादीतच नाही!" मग त्यानंच पहिला आकडा कमाल धरला.

सेमीकोलन
किस्सा झकास, पण श्रेय भलत्याच खात्यात जमा केलंत. चूक वहीनं नाही, द्रासनं पकडली. तेच आकडे स्क्रीनवर टाकले असते तरी ० दिसलाच असता. आणि वहीत ४०, ३८, ४२ घेतले असते तर वहीही गप्पच बसली असती.

फ्लोचार्टचं तर बोलूच नका. आम्ही आधी कोड चालवायचो आणि मग त्यावरून फ्लोचार्ट काढायचो, जर्नलात रीडिंग मागून भरतात तसं. अटीला शंकरपाळ्याऐवजी चौकोन काढला म्हणून माझा अर्धा मार्क गेलाय.

खडूफळा
शंकरपाळं मान्य! पण स्क्रीनवर ० दिसल्यावर पोरं काय करतात ते बघा एकदा. ० च्या जागी −१ टाकतात, मग −१००. −१०० ला द्रासचंही उत्तर बरोबर येतं. चूक होती तिथंच, फक्त आता दिसत नाही.

रात्रपाळी
दिवसभर कोडच लिहितो, म्हणून मध्ये तोंड घालतो. ड्राय रनही कधी कधी फसवतो. कमीत कमी नाण्यांत सुट्टे द्यायचे असले की आपण सगळ्यात मोठं नाणं आधी देतो. आपल्या १, २, ५, १० च्या नाण्यांत ते बिनचूक चालतं. आता नाणी १, ३, ४ ची धरा आणि ६ रुपये द्या. मोठं आधी म्हटलं तर ४+१+१, तीन नाणी. ३+३ मध्ये दोनच लागतात. या कृतीचा ड्राय रन केलात तर प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण पडेल, कारण कृती नीट पाळली गेलीय. कृतीच चुकीची आहे! सगळे पर्याय तपासणारा छोटा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) चालवला की हे उघडं पडतं. ते काम मशीनचंच.

सेमीकोलन
घ्या! मी वेगळं काय म्हणत होतो?

खडूफळा
आणि १, ३, ४ घ्यायचं सुचलं कुठे? लूपमध्ये?

रात्रपाळी
चहाच्या टपरीवर, खरं सांगायचं तर.

अकरावीची_आई
तुमचं चालू द्या, पण लेकीच्या शाळेत एका मशीनवर तिघी बसतात. हिची पाळी येईपर्यंत तास संपतो. वहीत करते म्हणून निदान काहीतरी होतं.

सेमीकोलन
ताई, पायथॉन मोबाइलवरही चालतं.

अकरावीची_आई
मोबाइल बारावी होईपर्यंत कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे.