पेट्रोलचा दर नक्की ठरवतं कोण? तेल कंपन्यांना सरकारने वेसण घालावी का?

सांगलीकर:

8 एप्रिल 2025 ला केंद्राने पेट्रोल आणि डिझेल दोन्हींवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे 2 रुपयांनी वाढवलं. पंपावरचा दर मात्र वाढला नाही. म्हणजे ते 2 रुपये कंपन्यांनी सोसले, म्हणजेच सोसण्याइतके त्यांच्याकडे होते, असाच अर्थ ना?

कागदावर पेट्रोल जून 2010 पासून आणि डिझेल ऑक्टोबर 2014 पासून नियंत्रणमुक्त आहे. 16 जून 2017 पासून रोज सकाळी 6 वाजता नवा दर लागू होतो. प्रत्यक्षात कच्चं तेल वर-खाली होत राहतं आणि पंपावरचा आकडा महिनोन्‌महिने जागचा हलत नाही.

दोनच प्रश्न. तेव्हा मुंबईत पेट्रोल लिटरला 103.50 रुपये होतं, त्यातले कंपनीच्या वाट्याला किती येत होते? आणि सरकारने कंपन्यांना दर बांधून द्यावेत का? पक्षांची धुणी दुसऱ्या धाग्यावर धुवा, इथे आकडे द्या.

हिशेबनीस:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही टोकांकडून काढता येतं. आकडे एप्रिल 2025 च्या आसपासचे आणि ठोकळ आहेत, पैशापर्यंत धरू नका.

खालून वर: कच्चं तेल पिंपाला 67 डॉलर, डॉलरचा भाव 85.50 रुपये, पिंपात 159 लिटर. म्हणजे लिटरला 36 रुपये. बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. आपल्याकडचा दर कच्च्या तेलावर बेतलेला नाही, तो तयार पेट्रोलच्या आखाती बाजारातल्या दरावर बेतलेला आहे. कच्च्या आणि तयार मालाच्या भावातल्या फरकाला या धंद्यात ‘क्रॅक’ म्हणतात. तो 10 डॉलर धरा. 77 डॉलरचे झाले लिटरला 41.40 रुपये. त्यावर जहाजभाडं, विमा, अडीच टक्के सीमा शुल्क आणि बंदरापासून डेपोपर्यंतची वाहतूक, मिळून 3 ते 4 रुपये. एकूण 45.

वरून खाली: 103.50 मधून राज्याचा व्हॅट (25 टक्के अधिक लिटरला 5.12 रुपये) सुमारे 24, पंपचालकाचं कमिशन साडेचारच्या आसपास, केंद्राचं शुल्क 21.90. उरले 53.

53 वजा 45, म्हणजे 8 रुपये. यातूनच कंपनीचा डेपो, पगार, विक्रीखर्च भागतो आणि उरेल तो नफा. क्रॅक 6 वर आला तर हेच 8 चे 10 होतात, 15 वर गेला तर सव्वापाचच्या आसपासच उरतात.

यातली गंमत बघा. मुंबईतच माहूलच्या रिफायनरीत शुद्ध झालेलं पेट्रोल चेंबूरच्या पंपावर जातं, पण हिशेबात ते आखातातून जहाजाने आलेलं असतं. 2006 च्या रंगराजन समितीने 80 टक्के आयातीचा भाव आणि 20 टक्के निर्यातीचा भाव असं सूत्र सुचवलं, ते रिफायनरीच्या दाराशी अजून पायाभूत धरलं जातं. म्हणजे कधीच न झालेल्या जहाजप्रवासाचं भाडंही बरंचसं दरात आहे. नियमन करायचं तर पहिलं बोट इथे ठेवावं.

कलम अकरा:

दर बांधून देण्याबद्दल. हा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे आणि तो कुठे मोडतो तेही ठाऊक आहे.

2005 ते 2010 च्या काळात सरकार दर खाली दाबून धरायचं आणि तोट्यापोटी सरकारी कंपन्यांना रोख रकमेऐवजी तेलरोखे (पैसे पुढे देण्याची सरकारी हमी) द्यायचं, एकूण साधारण 1.34 लाख कोटींचे. खाजगी कंपन्यांना रोखे नव्हते. परिणाम असा की मार्च 2008 मध्ये रिलायन्सने आपले साधारण 1,400 पंप बंद केले. तोट्यात विकण्यापेक्षा जामनगरच्या रिफायनरीतला माल निर्यात केलेला परवडत होता.

2022 मध्ये तेच, फक्त रोखे नव्हते. 6 एप्रिल 2022 नंतर कंपन्यांनी दर गोठवले, कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरपार. खाजगी पंपांनी दर चढे ठेवले किंवा विक्री आखडली, सगळी गर्दी सरकारी पंपांवर आली आणि काही राज्यांत पंप कोरडे पडले. जूनमध्ये सरकारला नियम काढावा लागला की परवाना असलेल्या प्रत्येक पंपाने पुरवठा चालू ठेवलाच पाहिजे. 1 जुलैला निर्यातीवर कर लागला: पेट्रोलवर लिटरला 6 रुपये, डिझेलवर 13. तो पुढे कमी होत होत डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाला.

एचपीसीएलची (हिंदुस्तान पेट्रोलियम) अवस्था सगळ्यात वाईट झाली. ती स्वतः शुद्ध करते त्यापेक्षा जास्त विकते, उरलेला माल बाजारभावाने घ्यावा लागतो. एप्रिल ते जून 2022 या एकाच तिमाहीत 10,000 कोटींवर तोटा.

कायद्याचं बोलायचं तर 2006 च्या कायद्याने स्थापन झालेलं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ पाइपलाइनचं भाडं ठरवू शकतं. पंपावरच्या दराबाबत कलम 11 मध्ये ‘देखरेख’ आहे, दर ठरवण्याचा अधिकार नाही. विजेसारखी सुनावणी, हरकती, लेखी आदेश हे पेट्रोलला लागूच नाही.

उधारखाते:

तोट्याचं वर्ष सांगितलंत, पुढचंही सांगा. 2023-24 मध्ये इंडियन ऑइल, बीपीसीएल (भारत पेट्रोलियम), एचपीसीएल या तिघी सरकारी कंपन्यांचा मिळून नफा जवळपास 81,000 कोटी. त्या अख्ख्या वर्षात ग्राहकाला किती मिळाले? 15 मार्च 2024 ला 2 रुपये, तेही लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी. चढताना रोज सकाळी 6, उतरताना निवडणूक.

सरकारी कंपन्यांकडे देशातले साधारण नव्वद टक्के पंप आहेत, तिघींचे दर जवळपास सारखे आणि मालक एकच. याला मुक्त बाजार म्हणायचं कशाला? नियंत्रण आहेच, फक्त ते तोंडी आहे. तोंडी असल्यामुळे त्यावर ना हरकत घेता येते ना अपील करता येतं.

हिशेबनीस:

@उधारखाते, तोंडी नियंत्रण हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 81,000 कोटी हा सगळा पंपावरचा नफा नव्हे, त्यात शुद्धीकरणाचाही वाटा आहे. आणि 2024-25 मध्ये तोच आकडा 34,000 कोटींच्या आत आला. एक कारण घरगुती सिलिंडर खर्चापेक्षा कमी दरात विकणं. म्हणजे दुचाकीवाला स्वयंपाकघराचं बिल थोडंसं भरतो आहे. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, पण ते पावतीवर दिसत नाही ही अडचण आहे.

दर ‘बांधून’ देण्यापेक्षा सूत्र बांधून द्यावं. दक्षिण आफ्रिकेत पेट्रोलचा दर महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी बदलतो. आंतरराष्ट्रीय भाव, भाडं, विमा, साठवण, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन, प्रत्येक ओळ सरकार छापतं. महिन्याभरात भाव सूत्रापेक्षा वर गेला तर ती तूट एका वेगळ्या खात्यावर चढते, त्याला तिथे ‘स्लेट’ म्हणतात. तूट फुगली की लिटरमागे छोटी लेव्ही लावून ती भरून काढतात. ग्राहकाला दिसतं की आज तो मागच्या महिन्याची उधारी फेडतो आहे. आपल्याकडेही उधारी आहेच, पाटी नाही.

सूत्राचीही खोड आहे. मार्जिन एकदा छापलं की कोणीही त्याखाली विकत नाही, कमी खर्चात काम करण्याची घाई संपते. म्हणून कमाल दर बांधावा, किमान नाही.

पानेवाडी:

सगळे मुंबईचाच दर घेऊन बसलेत. परभणीत पेट्रोल महाग का, तर माल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने येतो, तीनशेहून अधिक किलोमीटर. उलट कागलकर निपाणीला जाऊन टाकी भरतो, बांद्याचा माणूस गोव्यात पत्रादेवीला. तिथे अंतराचा प्रश्नच नाही, फरक राज्याच्या कराचा. सीमेवरच्या आपल्या पंपांची विक्री त्यामुळे पडते, डिझेलची जास्त, कारण ट्रकवाला एका वेळी दोन-तीनशे लिटर भरतो.

कंपन्यांवर नियामक बसवला तरी हे दोन्ही सुटत नाहीत.

सांगलीकर:

@पानेवाडी, मग राज्यांचा कर काढून पेट्रोल जीएसटीखाली आणलं तर?

कलम अकरा:

पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन यांसाठी कायद्यात दार उघडं आहे. राज्यघटनेच्या कलम 279अ नुसार ती जीएसटीत कधी आणायची त्या तारखेची शिफारस जीएसटी परिषदेने करायची. सप्टेंबर 2021 ला लखनौच्या बैठकीत विषय आला आणि ‘आता वेळ नाही’ म्हणून बाजूला ठेवला. राज्यं का अडतात ते एप्रिल 2025 मधल्या केंद्राच्या 21.90 ची फोड केली की कळतं: मूळ उत्पादन शुल्क फक्त 1.40, विशेष अतिरिक्त शुल्क 13, रस्ते उपकर 5, कृषी उपकर 2.50. राज्यांना वाटा फक्त त्या 1.40 मधून. व्हॅट सोडला तर हाती काय उरतं?

शिवाय व्हॅटचा मोठा भाग टक्क्यांत आहे. कंपनीचा भाव 4 रुपयांनी वाढला की महाराष्ट्राला आपोआप 1 रुपया जास्त. विधानसभेत काही मांडावं लागत नाही.

सांगलीकर:

उपयोगी. दर महिन्याला हा हिशेब मला स्वतः करायचा असेल तर?

हिशेबनीस:

पेट्रोलियम मंत्रालयाच्या ‘पीपीएसी’ कक्षाच्या संकेतस्थळावर दोन तक्ते मिळतात: कच्च्या तेलाच्या भारतीय बास्केटचा (भारत घेतो त्या तेलांचा मिश्र) भाव आणि दिल्लीच्या दराची फोड. बास्केटच्या एका दिवसाच्या भावावर जाऊ नका, आधीच्या 15 दिवसांची सरासरी घ्या. मग दोन ठोकताळे, वरच्याच 85.50 रुपये आणि 77 डॉलरवर काढलेले; भाव बदलले की ते नव्याने काढा. तेल 1 डॉलरने हललं की लिटरला 54 पैसे. डॉलर 1 रुपयाने महागला की 48 पैसे. महाराष्ट्रात दोन्हीला सव्वाने गुणा, व्हॅटमुळे. पंपावरचा बदल एका रकान्यात आणि हा आकडा शेजारच्या रकान्यात लिहा. डिझेलसाठी सव्वाऐवजी 1.21, कारण जुलै 2024 पासून राज्यभर 21 टक्के आहे आणि लिटरमागचा वेगळा आकडा नाही. क्रॅक मात्र पेट्रोलचा वापरू नका, डिझेलचा वेगळा असतो आणि जास्त उसळतो.