'हॉन्यॉगतॉर्ताश'चे भाषांतर
'गेरिंत्सफेर्द्युलेश' या हंगेरियन शब्दाचे 'कण्याचे तिरकेपण' असे शब्दशः भाषांतर न करता इंग्रजीत सरळ 'स्कोलिओसिस' लिहावे, हे मत मला पूर्णपणे पटते. मात्र लहान मुलांच्या अस्थिरोग तपासणीच्या हंगेरियन अहवालांत येणारा 'हॉन्यॉगतॉर्ताश' हा शब्द त्याहून अधिक फसवा आहे. 'हॉन्यॉग' म्हणजे निष्काळजी, म्हणून कोणी 'नेग्लिजंट पोश्चर' असे लिहिले, तर सारा दोष त्या लहान मुलावर जातो. प्रत्यक्षात अर्थ 'पुअर पोश्चर' इतकाच आहे, म्हणजे मुलाने प्रयत्नपूर्वक ताठ उभे राहिल्यावर सुधारणारी, कण्याच्या रचनेत दोष नसलेली शरीराची ठेवण. याउलट स्कोलिओसिसच्या निदानासाठी क्ष-किरण चित्रात कॉब कोन, म्हणजे कण्याच्या बाजूला झालेल्या वाकाचे माप, किमान 10 अंश भरावा लागतो. त्यामुळे 'हॉन्यॉगतॉर्ताश'साठी मी 'स्कोलिओसिस' हा शब्द कधीही योजत नाही.