अलेक्झांडर मॅकेन्झी : कंत्राटदाराचा अनुभव पंतप्रधानपदी उपयोगी पडला का?

विंडसरकर : आमच्या विंडसर शहराच्या सँडविच भागात १८५० च्या दशकातील जुने दगडी न्यायालय आजही उभे असून ते मॅकेन्झी हॉल म्हणून ओळखले जाते. ते बांधणारे अलेक्झांडर मॅकेन्झी पुढे कॅनडाचे दुसरे पंतप्रधान झाले, एवढेच मला ठाऊक आहे. स्कॉटलंडहून आलेला एक पाथरवट या पदापर्यंत कसा पोहोचला, आणि कंत्राटदारीचा अनुभव सत्तेत त्याच्या कामी आला की आड आला, हे जाणकारांनी सांगावे.

टाकीचे घाव : मॅकेन्झी यांचा जन्म १८२२ साली पर्थशायरमधील लॉगिरेट येथे झाला. वडील लवकर वारल्यामुळे शाळा सुटली आणि हाती छिन्नी-हातोडा आला. १८४२ मध्ये, विसाव्या वर्षी, ते नील कुटुंबासोबत कॅनडातील किंग्स्टनला आले. याच कुटुंबातील हेलन हिच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला. सुरुवातीच्या एका कामाच्या मजुरीपोटी मिळालेली वचनचिठ्ठी कवडीमोल ठरली, तरी ते टिकून राहिले, बोआर्नवा कालव्यावर मुकादम झाले आणि १८४७ मध्ये सार्नियाला जाऊन न्यायालये व तुरुंग बांधण्याची कंत्राटे घेऊ लागले. मध्यंतरी त्यांनी ‘लँबटन शील्ड’ हे सुधारणावादी वृत्तपत्रही चालवले. १८६१ मध्ये ते कायदेमंडळावर निवडून आले.

निवृत्त अभियंता : मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या मते दोन्ही बाजूंनी ‘होय’ असे आहे. पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या नियोजित पॅसिफिक रेल्वेच्या कंत्राटासाठी उत्सुक असलेल्यांकडून निवडणुकीसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांचे सरकार गेले आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये मॅकेन्झी पंतप्रधान झाले. त्यांनी सार्वजनिक बांधकाम खाते स्वतःकडेच ठेवले, कारण कंत्राटदार कोठे हात मारतो हे त्यांच्याइतके मंत्रिमंडळात दुसऱ्या कोणाला कळत नव्हते. (आमच्या खात्यात असा मंत्री आला असता, तर पुष्कळांची झोप उडाली असती!) मात्र त्यामुळे हिशेब, निविदा आणि कामे मागणाऱ्यांची रीघ यांतच त्यांचा दिवस संपे, आणि पक्ष बांधण्याचे काम मागे पडले. अशा मंडळींना चुकवण्यासाठी ओटावातील संसद संकुलाच्या वेस्ट ब्लॉक या इमारतीत त्यांनी खासगी जिना करवून घेतला होता, असे सांगतात. तरीही गुप्त मतदान (१८७४), सर्वोच्च न्यायालय (१८७५) आणि स्वतंत्र महालेखापरीक्षकाचे पद (१८७८) ही त्यांच्याच कारकिर्दीतील कामे आहेत.

टाकीचे घाव : आपले म्हणणे बव्हंशी मान्य आहे, परंतु रुळांचे प्रकरण आपण वगळलेत. भाव उतरले आहेत असे समजून त्यांनी रेल्वेसाठी सुमारे ५०,००० टन पोलादी रुळ आधीच खरेदी केले, आणि त्यानंतर भाव आणखी कोसळले. बांधकामातला जुना जाणकार बाजाराच्या बाबतीत फसला, आणि विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. १८७८ च्या निवडणुकीतील त्यांच्या पराभवाचे मोठे कारण मात्र मंदी आणि मॅकडोनाल्ड यांचे संरक्षक जकातीचे धोरण हेच होते.

विंडसरकर : दोघांचेही आभार. ‘सर’ हा किताब त्यांनी तीन वेळा नाकारला, असे मी आताच वाचले. त्यांची समाधी सार्नियाच्या लेकव्ह्यू दफनभूमीत आहे. उन्हाळ्यात तिकडे जाणे झाले, तर तिचा दगड कोणत्या प्रतीचा आहे ते पाहून येथे कळवीन.