मायक्रोवेव्हमधी अंडं फुटते, काय करू?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ): मामाजीले दात नाहीत, तेलकट चालत नाही. म्हणून कपातल्या पाण्यात गावरान अंडं फोडून ठेवलं. दीड मिनिटात फटकन उडालं. मायक्रोवेव्ह 800 वॅटचा हाय.

उत्तर: बलक टोचला व्हता काय? आत वाफ कोंडते, म्हणून फुटते.

उत्तर: ताई, अर्धा कप पाणी घ्या, अंडं पुरं बुडालं पायजे. बलक टाचणीनं टोचा, वर बशी झाका. आधी 50 सेकंद, मंग 10-10 वाढवा. काढल्यावर मिनिटभर हात लावू नका, तेव्हाबी फुटू शकते. अन् म्हाताऱ्या माणसाले बलक कच्चा देऊ नका, घट्टच पायजे.

प्रश्नकर्ती: 70 सेकंदात जमलं! मामाजींनी भाकरीसंग कुस्करून सारं खाल्लं.